एक घर, दोन जनगणना आणि रकाना १५

२००१ च्या फेब्रुवारीत माण तालुक्यातल्या एका वस्तीवर मी जनगणनेच्या कामाला होते. प्राथमिक शिक्षिका म्हणून ऑर्डर निघाली, प्रशिक्षण झालं, फॉर्मांचा गठ्ठा आणि सूचनांची पुस्तिका हातात आली. ९ तारखेपासून २८ पर्यंत दारोदार फिरायचं होतं. दहा वर्षांनी, २०११ च्या फेब्रुवारीत, त्याच वस्तीवर पुन्हा मलाच पाठवलं. एकाच घराच्या सोप्यात दहा वर्षांच्या अंतराने बसून मी अपंगत्वाविषयीचा तोच प्रश्न दोनदा विचारला आणि दोन्ही वेळा वेगळी उत्तरं लिहून घेतली. माणसं तीच होती. त्या घराबद्दल हे लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक सांगते. जनगणनेत दिलेली माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन १९४८ च्या जनगणना कायद्याने घातलेलं आहे आणि ते मला मनापासून मान्य आहे. म्हणून नावं दिलेली नाहीत, आणि ओळख पटेल अशा खाणाखुणा बदलल्या आहेत.

घरात तीन माणसं अशी होती, की ज्यांच्यासाठी तो रकाना होता. आबांचा डावा डोळा तरुणपणी कुपाटी करताना बाभळीचा काटा लागून गेलेला. आजींना ऐकू येत नव्हतं. कानाजवळ तोंड नेऊन ओरडलं तर कळायचं. आणि थोरली लेक, तिला ताई म्हणते, लग्नानंतर तीन वर्षांनी सासरहून परत पाठवलेली. रात्र रात्र जागायची, स्वतःशी बोलायची, कधी आठ-आठ दिवस तोंडातून शब्द काढायची नाही.

२००१ च्या फॉर्मवर हा प्रश्न पंधरावा होता. व्यक्ती शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या अपंग असेल तर पाच संकेतांकांपैकी एक लिहायचा: दृष्टी १, वाचा २, श्रवण ३, हालचाल ४, मानसिक ५. एका माणसाला एकच आकडा. म्हणजे ज्याला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्याच्यासाठी दोन्हीतलं एक निवडायचं.

चौदा प्रश्न ओळीने झाले होते. वय, शिक्षण, मातृभाषा. सूनबाई चहा ठेवायला उठायच्या बेतात होती. मी खाली मान घालून विचारलं, "घरात कोणी अपंग?"

"न्हाई बाई, समदी धडधाकट हाईत."

हे तिने आबांच्या समोर, आजींच्या शेजारी बसून सांगितलं, आणि माजघराचं दार तेव्हा ओढून घेतलेलं होतं. ती खोटं बोलत होती असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तिच्या लेखी अपंग म्हणजे बाजारात फळकुटावर बसून सरपटणारा माणूस. आबा तर बैलगाडी हाकायचे, नांगर धरायचे, आभाळाकडे बघून पाऊस सांगायचे. आजींचं "वय झालं, दुसरं काय". आणि ताईचं नावच निघालं नाही.

आबांचं मात्र मला लिहावं लागलं, कारण पुस्तिकेत स्पष्ट होतं: एकाच डोळ्याने नीट दिसत असेल तर ती व्यक्ती दृष्टीच्या अपंगत्वात धरायची. मी १ लिहिला. आबांनी वाकून बघितलं. वाचता येत नव्हतं, पण आपल्या नावासमोर काहीतरी जास्तीचं पडलंय हे त्यांना कळलं.

"मला आंधळा लिवलंस व्हय, बाई?"

मी समजावलं, तसं नाही, डोळ्याचं आहे म्हणून आकडा आहे. ते काही बोलले नाहीत, पण मी निघाले तेव्हा दारापर्यंत आले नाहीत. त्या माणसाने गावात कुणाला असं दारातून एकटं जाऊ दिलं नसेल.

आजींचं मी लिहिलं नाही. लिहायला हवं होतं. मोठा आवाजच तेवढा ऐकू येतो अशी व्यक्ती श्रवणाच्या अपंगत्वात मोडते, हे त्याच पुस्तिकेत होतं. सून म्हणाली वयामुळे, मला ते पटलं, कारण माझ्या सासूबाईंबद्दल मीही तेच म्हणत होते. ही चूक माझी. माजघराच्या दाराबद्दलही मी काही विचारलं नाही.

रकाना आला कुठून

हा प्रश्न फॉर्मवर नवा नव्हता. नंतर मी त्याचा माग काढला तेव्हा तो आपल्या पणजोबांच्या काळापासूनचा निघाला. १८७२ पासून १९३१ पर्यंत दर जनगणनेत इंग्रज सरकार माणसांची 'व्यंगं' मोजत होतं. वेडे, जन्मापासून मुके-बहिरे, दोन्ही डोळ्यांनी आंधळे आणि महारोगी, असे चार गट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सूचना तर अगदी बारकाईने लिहिलेल्या होत्या: एकाच डोळ्याने आंधळा असेल त्याला धरू नका, जन्मानंतर बहिरा झालेल्याला धरू नका, नुसतं कोड असेल तर महारोगी लिहू नका. म्हणजे आबांचे आजोबा एकाक्ष असते तर ते रकान्याबाहेर राहिले असते. आबा २००१ मध्ये आत आले. आणि २०११ मध्ये पुन्हा बाहेर गेले, ते पुढे येईलच.

ही मोजदाद कशासाठी होती, हे महारोग्यांच्या बाबतीत सगळ्यात स्वच्छ दिसतं. १८९८ चा महारोग्यांविषयीचा कायदा असा होता, की रस्त्यावर भीक मागणाऱ्या कुष्ठरुग्णाला पोलिसांनी वॉरंटशिवाय धरावं आणि आश्रमात डांबावं. तो कायदा केंद्राने रद्द केला २०१६ मध्ये. ज्या समाजात मोजलं जाणं म्हणजे उचलून नेलं जाणं, तिथे कोण खरं सांगेल? व्यंग लपवलं जातं, विशेषतः बायकांचं, अशी कबुली त्या काळच्या अहवालांतच आहे. १९४१ ला प्रश्न गाळला. स्वातंत्र्यानंतर १९५१, १९६१, १९७१ या तिन्ही वेळा कुणी विचारलंच नाही. पन्नास वर्षं या देशात किती माणसांना दिसत नाही, हे जनगणनेला ठाऊक नव्हतं.

१९८१ हे संयुक्त राष्ट्रांनी अपंगांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, त्या निमित्ताने प्रश्न परतला. पण कसा? घरयादी करताना विचारायचं: घरात पूर्ण आंधळे किती, पूर्ण पांगळे किती, पूर्ण मुके किती. 'पूर्ण' या एका शब्दाने बाकी सगळ्यांना बाहेर काढलं. अडुसष्ट कोटींच्या देशात आकडा निघाला जेमतेम ११.१९ लाख, म्हणजे हजारात दोघेही नाहीत. दयेसाठी मोजणी असली की अशीच होते: दान द्यायला पात्र कोण, तर ज्याचं काहीच चालत नाही तो. ज्याचं थोडं चालतं, अडतं, जो धडपडतो, तो हिशेबात नाही. १९९१ ला पुन्हा प्रश्न गायब.

आणि २००१ ला तो आला तो आपोआप नाही. आधीच्या आराखड्यात तो नव्हता. १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला होता. त्यात नोकरीत ३ टक्के राखीव जागा होत्या, शिक्षणाचा हक्क होता, पण माणसं किती हेच माहीत नसेल तर हक्क द्यायचा कुणाला? जावेद अबिदी आणि त्यांच्यासारख्या अपंग कार्यकर्त्यांनी हा प्रश्न फॉर्मवर यावा म्हणून सरकारचा पिच्छा पुरवला. माझ्या हातातला रकाना १५ त्यांच्या भांडणातून आलेला होता. मला हे प्रशिक्षणात कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर मी मान खाली घालून तो प्रश्न उरकला नसता.

२०११

दहा वर्षांत फॉर्म बदलला होता. प्रश्न पंधराव्या क्रमांकावरून नवव्यावर आला होता. हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण ज्याने दिवसाला वीस-पंचवीस घरं केली आहेत त्याला विचारा. पंधराव्या प्रश्नापर्यंत घरचे कंटाळलेले असतात आणि आपणही. नवव्याला अजून दोघंही जागे असतात. आणि आता आधी हो की नाही ते विचारायचं, मग प्रकार. पाचाचे आठ संकेतांक झाले. मानसिक म्हणून जे एकच गाठोडं होतं, त्याचे दोन झाले: मतिमंदत्व वेगळं, मानसिक आजार वेगळा. एकापेक्षा जास्त असेल तर तीनपर्यंत लिहायची सोय. शिवाय 'इतर' असा एक.

सोप्यात मी यावेळी आधी पाणी मागितलं, बसले. आबा थकले होते. आजींच्या कानात कुठल्याशा शिबिरात मिळालेलं मशीन होतं आणि त्या सारखं ते चाचपत होत्या. प्रशिक्षणात एका अनुभवी सरांनी आम्हाला सांगितलं होतं, "अपंग कोण ते विचारू नका, त्रास कुणाला होतो ते विचारा." मी तसं विचारलं. घरात कुणाला बघायला, ऐकायला, चालायला, बोलायला अडचण होते का? कुणाचे बरेच दिवस औषधोपचार चालू आहेत का?

सूनबाई, जिला आता मी वहिनी म्हणत होते, तिने माजघराकडे बघितलं. दार उघडं होतं. ताई आत तांदूळ निवडत बसली होती.

"बाई, डोक्याच्या गोळ्या चालू असल्या तर लिवत्यात का हो?"

"लिहितात. वेगळा आकडा आहे त्याला."

"मग लिवा. सिव्हिलमधनं आणतो गोळ्या. त्येचं सर्टिफिकेट मिळतं म्हणत्यात, यष्टीला कमी पैसं पडत्यात."

मी ६ लिहिला. ताईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तांदळाकडे पाहिलं. दहा वर्षांपूर्वी ती याच घरात होती, आणि देशाच्या हिशेबात तिला काही झालेलंच नव्हतं.

आजींच्या नावासमोर आकडा पडला. इथे एक गंमतशीर वाटावी पण नसलेली गोष्ट आहे: कानात मशीन असेल तर २००१ च्या सूचनेप्रमाणे ती व्यक्ती अपंग धरायची नव्हती, २०११ च्या सूचनेप्रमाणे धरायची होती. म्हणजे २००१ मध्ये आजींना मशीन नव्हतं तेव्हा त्या मोडत होत्या आणि मी लिहिलं नाही. २०११ मध्ये मशीन होतं तरी मोडत होत्या आणि मी लिहिलं. मला नवा नियम जास्त माणुसकीचा वाटतो. मशीनचा सेल संपला की आजी पुन्हा तिथेच असतात. चष्मा, काठी, मशीन ही साधनं अडचण कमी करतात. माणसाला त्या साधनाची गरज आहे, ते दुरुस्त करायला तालुक्याला जावं लागतं, त्याला पैसे पडतात, हे पुसून टाकत नाहीत.

राहिले आबा. नव्या पुस्तिकेत एका डोळ्याने नीट दिसणाऱ्याला धरायचं नव्हतं. मी पुढच्या प्रश्नावर गेले.

"माझं न्हाई लिवलंस? मागच्या बारीला लिवलं हुतंस की."

मी सांगितलं, नियम बदलला. त्यांनी विचारलं, मग यष्टीचं? पंचायतीचं? सर्टिफिकेटला किमान ४० टक्के अपंगत्व लागतं आणि एक डोळा पूर्ण गेला तरी डॉक्टरांच्या कोष्टकात ते ३० टक्के भरतं, हे मी त्यांना सांगितलं. ते बराच वेळ उजव्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिले. २००१ मध्ये माझ्या आकड्याने त्यांचा अपमान झाला होता. २०११ मध्ये आकडा न लिहिल्याने त्यांना दुःख झालं.

या घराकडे मी पुन्हा पुन्हा परत जाते ते या एका गोष्टीसाठी. अपंगत्वाकडे बघायची समाजाची नजर बदलली, असं आपण सभांमध्ये म्हणतो. बदललं काय, ते आबांच्या त्या दोन प्रश्नांमध्ये आहे. २००१ च्या त्या घरात हा शब्द फक्त काढून घेणारा होता. तो दाराला लागला तर पोरींच्या सोयरिकी मोडतात. स्थळांच्या जाहिरातीत 'निर्व्यंग' हा शब्द आपण किती वर्षं सहज छापत आलो. म्हणून दार ओढून घ्यायचं. दहा वर्षांत त्याच शब्दामागे काही मिळू लागलं होतं: एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत, दाखला, ग्रामपंचायतीच्या निधीतला हिस्सा. लाज पूर्ण गेली नव्हती, पण तिच्यासमोर ठेवायला दुसरं काहीतरी हातात आलं होतं. वहिनीने दार उघडं ठेवलं ते मन मोठं झालं म्हणून ठेवलं की सवलतीसाठी, असा प्रश्न मला एकाने विचारला होता. मला त्यात फरक वाटत नाही. हक्क मिळतो हे कळल्यावर माणूस लपायचा थांबतो.

आकडे काय बोलतात

एका घरात झालं ते देशभर झालं. २००१ ला देशात २.१९ कोटी अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, २०११ ला २.६८ कोटी. पण पोटात शिरून बघा. दृष्टीचं अपंगत्व १.०६ कोटींवरून ५०.३ लाखांवर आलं, निम्म्याहून कमी. श्रवणाचं १२.६ लाखांवरून ५०.७ लाखांवर गेलं, चौपट. दहा वर्षांत अर्ध्या आंधळ्यांना दिसायला लागलं नाही आणि देश बहिराही झाला नाही. आबा बाहेर गेले आणि आजी आत आल्या, एवढंच.

महाराष्ट्रात १५.७ लाखांचे २९.६ लाख झाले. लोकसंख्येच्या प्रमाणात १.६ टक्क्यांवरून २.६ टक्क्यांवर. त्याच वेळी तमिळनाडूत मात्र १६.४ लाखांवरून ११.८ लाखांवर घट. दोन राज्यांतल्या माणसांच्या तब्येती अशा उलट दिशेला कशा जातील? प्रगणक कसं विचारतो, घरचे काय लपवतात, पुस्तिका कुणाला धरते यावर हा आकडा हलतो. २०११ मध्ये नोंदलेल्यांत बायका ४४ टक्केच होत्या. यावर मी कितीतरी वेळा विचार केला आहे. बायकांना कमी व्याधी होतात म्हणून हे नाही. प्रत्येक वस्तीवर एखादं माजघराचं दार अजून ओढलेलं असणार.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ च्या अहवालात जगातल्या सुमारे १५ टक्के लोकांना कोणतं ना कोणतं अपंगत्व असल्याचं म्हटलं. आपले २.२ टक्के. एवढी मोठी तफावत पडते ती प्रश्नामुळे. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २००१ मध्ये वॉशिंग्टन गट नावाचा एक अभ्यासगट तयार झाला. त्यांनी सहा साधे प्रश्न बसवले: बघायला, ऐकायला, चालायला किंवा पायऱ्या चढायला, लक्षात ठेवायला किंवा मन एकाग्र करायला, स्वतःचं आवरायला, दुसऱ्याशी बोलून समजून घ्यायला त्रास होतो का? उत्तरं चार: नाही, थोडा, बराच, अजिबात जमत नाही. 'अपंग' हा शब्द त्यात कुठेच नाही. आमच्या सरांनी सांगितलेलं तेच, फक्त नीट बांधलेलं. हो किंवा नाहीच्या मध्ये जिथे बहुतेक माणसं राहतात, तिथे ते प्रश्न पोचतात.

कायदाही पुढे गेला. भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार १ ऑक्टोबर २००७ ला मान्य केला. त्याच्याशी जुळणारा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, यात एकवीस आहेत: थॅलेसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्यात होरपळलेले, शिकण्यातल्या विशिष्ट अडचणी. राखीव जागा ३ वरून ४ टक्के झाल्या. व्याख्येतही मोठा बदल आहे: माणसाची कमतरता आणि समोरचे अडथळे, या दोघांच्या टकरीतून त्याचा समाजातला सहभाग अडतो, असं कायदा म्हणतो. म्हणजे तहसीलच्या पायऱ्या हाही अपंगत्वाचाच भाग. पन्नास वर्षांपूर्वी हे वाक्य कुणी सरकारी कागदावर लिहिलं नसतं.

शब्दही बदलले. अपंग, मग विकलांग, आणि २७ डिसेंबर २०१५ ला पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून 'दिव्यांग' सुचवल्यापासून सगळ्या पाट्यांवर तोच. अनेक अपंग कार्यकर्त्यांनी त्याला हरकत घेतली: आमच्यात दिव्य काही नाही, आम्हाला शेजारी उतार नसलेल्या पायऱ्यांचा त्रास आहे. मला त्यांचं म्हणणं पटतं. आणि आपल्या रोजच्या बोलण्याचं काय? काणाडोळा करणं, लंगडी सबब, आंधळा कारभार. मी वर्गात हे वाक्प्रचार वर्षानुवर्षं शिकवले, समोरच्या बाकावर पोलिओ झालेला मुलगा बसलेला असताना 'लंगडी सबब' फळ्यावर लिहून वाक्यात उपयोग करायला सांगितला. त्याने वाक्य करून दाखवलं होतं, अक्षर सुरेख होतं.

येती जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेची आहे, आणि ती मोबाईलवर होणार आहे. मी निवृत्त झाले. आबा आणि आजी आता नाहीत. मागच्या दिवाळीत त्या वस्तीवर गेले होते. ताईचे केस पांढरे झालेत, गोळ्या चालू आहेत, दारात तिनेच रांगोळी काढली होती. चहा तिनेच दिला. साखर जास्त झाली का, हे तिने मला विचारलं, आणि मला आठवलं की इतक्या वर्षांत तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

निघताना वहिनी फाटकापर्यंत आली.

"बाई, आता पुन्हा मोजायला येणार म्हणत्यात. ह्या बारीला आमाला नका इचारू. तिचं तिलाच इचारा."

म्हटलं, मी नाही येणार आता, दुसऱ्या बाई येतील.

"मग त्यांस्नी सांगून ठेवा."